रिकाम्या रकान्यातली आडवी रेघ

सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या क्लासमध्ये गेल्या वर्षी जूनमध्ये एक जोडी आली. नात ११ वर्षांची, आजोबा ६३ वर्षांचे. नात दोन वर्षांपासून माझ्याकडेच कीबोर्ड शिकत होती आणि पाच रेघांवरचं नोटेशन तिला बऱ्यापैकी वाचता येत होतं. आजोबांना तिच्या शेजारी बसून, एकाच कीबोर्डवर, काहीतरी वाजवायचं होतं. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणायला लागले. "पेटी येती मला मॅडम. तेवढं रेघांचं वाचायला शिकवा, कोजागिरीला आमी दोघं वाजवतो," असं थेट वेळापत्रकच सांगून ते बसले.

हे प्रकरण लिहून काढायचं कारण माझी स्वतःची चूक आहे. अण्णांना रेस्ट, म्हणजे विराम, जमत नाही हे मला पहिल्या आठवड्यातच दिसलं. का जमत नाही हे कळायला आणखी पाच आठवडे गेले, आणि तोवर मी भलत्याच दुखण्यावर औषध देत होते.

अण्णा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत ३५ वर्षं दिवाणजी होते. संध्याकाळी गावभागातल्या भजनी मंडळात पेटी. तरुणपणी त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रवेशिका पूर्ण परीक्षा दिलेली. मंडळाचं कार्यालय मिरजेत, आणि त्या काळी फॉर्म भरायला ते सायकलवरून मिरजेला गेले होते, हे त्यांनी मला किमान चार वेळा सांगितलं. सूर पक्का, लय पक्की, आपली स्वरलिपी वाचता-लिहिता येणारी. अशा माणसाला नवशिका म्हणायला माझी जीभ धजेना. वाटलं, चिन्हं तेवढी ओळखीची करून दिली की झालं.

दोघांसाठी मी १६ बारचा एक तुकडा लिहिला. बार म्हणजे दोन उभ्या रेघांमधला ठरावीक मात्रांचा गट, इथे चार मात्रांचा. पांढरी एकचा सा धरला, तर पहिल्या बारात अण्णांनी पहिल्या मात्रेला सा वाजवायचा, दुसरी मात्रा गप्प, तिसरीला ग, चौथी गप्प. नातीचं बरोबर उलट: पहिली गप्प, दुसरीला रे, तिसरी गप्प, चौथीला म. एकाने बोलायचं तेव्हा दुसऱ्याने थांबायचं, आणि दोघांचं मिळून सा रे ग म हे एकच चढतं वाक्य ऐकणाऱ्याच्या कानावर पडायचं. कागदावर अगदी सोपं. गप्प मात्रेच्या जागी क्वार्टर रेस्टचं, म्हणजे एका मात्रेच्या विरामाचं, ते नागमोडी चिन्ह. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्याजवळ धरला. "हे मोडीतलं अक्षर हाय व्हय?" त्यांच्या वडिलांच्या कीर्दी मोडीत असायच्या. तेव्हापासून आमच्याकडे क्वार्टर रेस्टचं नाव 'मोडी' पडलं, आणि बाकीची मुलंही आता तेच म्हणतात.

वाजवायला बसले आणि सा रे ग मच्या जागी गिचमीड ऐकू आली.

नवशिक्यांचा विराम चुकतो म्हणजे काय होतं, याचं माझ्या डोक्यात एक ठरीव चित्र होतं. मुलं विराम गिळतात. कागदावर सूर नाही म्हणजे तिथे करण्यासारखं काही नाही, असं धरून ती पुढच्या सुरावर उडी मारतात. चार मात्रांचा बार तीन मात्रांत उरकतो. पंधरा वर्षांत मी हेच पाहत आले, त्यामुळे अण्णांच्या बाबतीतही तेच असणार असं धरलं आणि मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र, काढला. ६० वर लावला, म्हणजे सेकंदाला एक मात्रा.

अण्णा त्यावर घड्याळासारखे चालले. सा बरोबर पहिलीला, ग बरोबर तिसरीला, केसभरही इकडे-तिकडे नाही. तरी गिचमीड तशीच. मग माझा संशय नातीवर गेला. तिला एकटीला वाजवायला लावलं, तर तिचंही बरोबर. दुसऱ्याच आठवड्यात ती मला म्हणाली होती, "टीचर, आजोबा माझ्या मात्रेत येतात." मला वाटलं, जागेवरून भांडण आहे, कोपर लागत असेल. कीबोर्ड ६१ पट्ट्यांचा, दोघांना अंमळ अरुंदच. मी अण्णांची खुर्ची थोडी डावीकडे सरकवली आणि स्वतःवर खूश झाले.

तिसऱ्या आठवड्यात वाजवणं बंद करून फक्त टाळ्यांवर वाचायला लावलं. सुराला टाळी, विरामाला टाळी नाही. अण्णांनी पहिल्या मात्रेला टाळी दिली आणि दुसऱ्या मात्रेला हात सुरेख बाहेर फेकला. तालातली खाली, म्हणजे टाळी न देता दाखवायची मात्रा, दाखवतात तसा. मला ते इतकं आवडलं की मी नातीलाही तसंच करायला सांगितलं. खरं तर त्या हाताच्या फेकीत सगळं निदान होतं. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं.

चौथ्या-पाचव्या आठवड्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. वेग कमी केला, वाढवला, विरामांना लाल पेन्सिलीने गोल केले. मधेच अण्णांच्या मुलाने व्हॉट्सॲपवर जॉन केजच्या १९५२ सालच्या त्या प्रसिद्ध रचनेचा व्हिडिओ पाठवला, ज्यात पियानोवादक चार मिनिटं तेहतीस सेकंद काहीच वाजवत नाही. अण्णा म्हणाले, "ह्याला पगार किती मिळाला आसंल?" नवशिक्याला त्या रचनेचा काडीचा उपयोग नाही असं माझं मत आहे. तिथे अख्खी शांतता हा विषय आहे, आमची अडचण एका मात्रेची होती.

ऑर्गनने फोडलेलं बिंग

सहाव्या आठवड्यात कंटाळलेल्या नातीने बटणं दाबता दाबता कीबोर्डचा आवाज बदलला. पियानो जाऊन चर्चमधला ऑर्गन आला. मी रागावणार तेवढ्यात दोघांनी वाजवायला सुरुवात केली, आणि पहिल्याच बारात सा आणि रे एकमेकांना चिकटून, ट्रकचा हॉर्न अडकावा तसे वाजले. पुढे ग आणि म चिकटले. ते तर आणखी बोचरे, कारण ग आणि मच्या मध्ये काळी पट्टीच नाही, अंतर अर्ध्याच सुराचं.

पियानोच्या आवाजात पट्टी दाबून धरली तरी सूर हळूहळू विरत जातो. ऑर्गनचा सूर विरत नाही, बोट उचलेपर्यंत तेवढ्याच जोराने वाजतो. पियानोमुळे जे झाकलं जात होतं ते ऑर्गनने उघडं केलं. आधी मी सस्टेनचं बटण चालू राहिलंय का ते तपासलं, कारण ते चालू असेल तर बोट उचलल्यावरही सूर रेंगाळतो. बंद होतं. मग मी अण्णांच्या बोटाकडे पाहिलं. पहिल्यांदाच असं पाहिलं, की ते पडतंय कधी हे सोडून उठतंय कधी. ते उठतच नव्हतं. सा पहिल्या मात्रेला पडायचा आणि ग पडायच्या क्षणापर्यंत, पूर्ण दोन मात्रा, खाली दाबलेला राहायचा. नातीचा रे त्यावर येऊन आदळायचा. पोरगी पहिल्यापासून खरं सांगत होती.

"अण्णा, दुसऱ्या मात्रेला तुम्ही काय करता?"

"गप्प हाय की."

"पण सा वाजतोय."

"वाजतोय, पण नवीन काय लावलं न्हाई. गप्पच झालं की ओ ते."

इथे माझ्या डोक्यात उजेड पडला. अण्णांच्या लेखी गप्प बसणं म्हणजे नवा सूर न लावणं. माझ्या लेखी गप्प बसणं म्हणजे आवाज बंद. गेले सहा आठवडे आम्ही एकच शब्द दोन अर्थांनी वापरत होतो. ते मात्रा गिळत नव्हते, झाकत होते. मेट्रोनोमला ते पकडता येणं शक्यच नव्हतं, कारण मेट्रोनोम सूर कधी सुरू झाला तेवढं तपासतो, संपला कधी हे त्याच्या गावीही नसतं.

हे आलं कुठून

अण्णांची प्रवेशिकेची जुनी वही मी मागवून घेतली. आपल्या स्वरलिपीत सा नंतर आडवी रेघ असली, 'सा – ग –' असं लिहिलं असलं, तर ती रेघ सांगते की सा पुढच्या मात्रेतही चालू ठेव. गाण्याच्या शब्दांखाली हेच काम अवग्रह करतो: 'रा ऽ म ऽ'. म्हणजे मात्रा आहे, नवं अक्षर नाही, आधीचंच लांबवायचं. वहीतल्या साठ-सत्तर पानांवर रिकाम्या मात्रेचा अर्थ प्रत्येक ठिकाणी हाच: चालू ठेव. चाळीस वर्षं त्या रेघेला सरावलेल्या माणसासमोर मी 'सा, मोडी, ग, मोडी' ठेवलं, तर तो मोडीच्या जागी रेघ वाचणार, यात नवल ते काय? पाच रेघांच्या पद्धतीत दोन मात्रांचा सा लिहायचा तर सुराचं चिन्हच वेगळं असतं: पोकळ गोळा आणि त्याला दांडी. सूर किती टिकायचा हे सुराच्या आकारातच आलेलं असतं, लांबवण्यासाठी पुढे रिकामी जागा लागत नाही. त्यामुळे एका मात्रेच्या भरीव गोळ्यानंतर विराम आला, तर तो एकच सांगतो: हात उचल.

दुसरं कारण पेटीचं. भजनात पेटीचं काम भरण्याचं. बुवा श्वास घेतात, झांजवाला थोडा मागे पडतो, कोरस चरण विसरतो, तेव्हा पेटी मधली जागा धरून ठेवते. तिथे सूर सोडणं म्हणजे भजन उघड्यावर टाकणं. अण्णांच्याच शब्दांत, "पेटी गप्प झाली तर लोक म्हणतील, पेटीवाल्याला डुलकी लागली." त्यांचं बोट पट्टीवरून न उठणं ही सवय तर होतीच, पण तीच त्यांची कसबगिरीही होती. ती मोडायला सांगताना मला जरा चोरट्यासारखंच वाटलं.

तिसरं कारण खाली. टाळ्यांच्या वेळी त्यांनी हात फेकला तो खालीचा. सोळा मात्रांच्या तीनतालात नवव्या मात्रेला खाली येते, पण म्हणून तिथे कुणी वाजवायचं थांबतं का? खालीच्या भागात डग्ग्याचा घुमारा काढून घेतात, तबला बोलतच असतो, गाणारा गातच असतो. खाली ही तालातली जागा आहे, शांतता नव्हे. विरामाला खालीचा हात दाखवला की आतून हुकूम येतो, 'वाजवत राहा.' आणि तो हात मी नातीलाही शिकवला होता!

उपाय, त्यातले चाललेले आणि न चाललेले

पहिलं म्हणजे पियानोचा आवाज बंद, सराव फक्त ऑर्गनवर. घरी त्यांची पेटी होतीच, आणि पेटी या कामाला ऑर्गनइतकीच चांगली, कारण तिचाही सूर पट्टी सोडली की तत्काळ थांबतो. दुसरं म्हणजे मात्रा मोजताना विरामाच्या जागी मनात आकडा म्हणायचा नाही, 'उचल' म्हणायचं. 'एक, उचल, तीन, उचल.' हे आठवडाभर बरं चाललं. मग 'उचल' म्हणता म्हणता अण्णांचा हात इतका वर जायला लागला की पुढचा सूर उशिरा यायला लागला. मी त्यांना पट्टीला बोट चिकटून राहील इतकंच उचलायला सांगितलं. पट्टी वर आली की आवाज थांबतो, हात छपराला लावायची गरज नाही.

पण हात शिकला तरी मन मानत नव्हतं. विराम आला की अण्णा अस्वस्थ व्हायचे. "उगीच मोकळं सोडल्यागत वाटतंय." मग मी त्यांच्या कामातलं विचारलं. रोजमेळात एखादा रकाना रिकामा राहिला तर तुम्ही काय करता?

"आडवी रेघ मारायची."

"का?"

"मागनं कुणी आकडा घालू नये म्हणून. रिकामं सोडलं की कुणीतरी भरतंय."

मला आणखी काही सांगावं लागलं नाही. दोन मिनिटं ते कागदाकडे बघत बसले, मग स्वतःच म्हणाले, "म्हणजे ही मोडी म्हणजे ती रेघ. इथं काही न्हाई, आणि मुद्दाम न्हाई." विराम ही लिहून ठेवलेली शांतता आहे, कुणी भरू नये म्हणून लिहिलेली. नोटेशनमध्ये बारात खरोखरची रिकामी जागा सोडतच नाहीत, ती याच हिशोबाने: बारातल्या सुरांच्या आणि विरामांच्या मात्रांची बेरीज तालाच्या आकड्याला जुळलीच पाहिजे. त्या दिवसापासून अण्णा नवा कागद हातात आला की वाजवण्याआधी पेन्सिलीने प्रत्येक बारची बेरीज करायला लागले. माझ्या हस्तलिखितातली एक चूक त्यांनी तशीच पकडली. अकराव्या बारात मी साडेतीनच मात्रा लिहिल्या होत्या.

तिसरा उपाय माझा नव्हे. मंडळातले तबलावाले अण्णांना सोडायला एकदा क्लासवर आले, बाहेर पाऊस म्हणून थांबले आणि सगळं ऐकत बसले. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "अण्णा, दमदार तिहाई येतीया न्हवं तुमाला? मग ह्यात काय आवघड हाय?"

ज्यांना तिहाई माहीत नाही त्यांच्यासाठी: तबल्याच्या बोलांचा एकच तुकडा तीनदा म्हणून तिसऱ्याचा शेवटचा धा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, टाकायचा, ती तिहाई. 'तिटकत गदिगन धा' हा तुकडा घ्या, प्रत्येक शब्दाला एक मात्रा, एकूण तीन. तीनदा सलग म्हटला तर नऊ मात्रा होतात. तीनतालात नवव्या मात्रेपासून सुरुवात केली की शेवटचा धा बरोबर पुढच्या समेवर येतो. ही बेदम तिहाई. आता प्रत्येक धानंतर एक मात्रा दम घ्यायचा ठरवलं, तर मधे दोन दम येतात, एकूण अकरा मात्रा होतात, आणि सुरुवात सातव्या मात्रेपासून करावी लागते. ही दमदार. तबलावाल्यांनी टेबलावरच बोटांनी वाजवून दाखवलं, आणि मग मुद्दाम सातव्यापासून सुरू करून मधले दम गिळून टाकले. शेवटचा धा पंधराव्या मात्रेला पडला, सम अजून दोन मात्रा लांब. अण्णा मोठ्याने हसले. नातीला कळलं नाही काय झालं, पण चुकलंय एवढं तिलाही कळलं.

त्या दोन दमांत तबला काही बोलत नाही, धा लांबवून भरून काढायची तर सोयच नसते. तरी त्या मात्रा तिहाईच्या हिशोबात पुऱ्या धरलेल्या असतात. म्हणजे मोजलेली शांतता अण्णांना माहीत होती, फार आधीपासून. फक्त ती तबल्याच्या घरात राहत होती, पेटीच्या घरात तिला प्रवेश नव्हता. त्या संध्याकाळी अण्णांनी पहिले चार बार न चिकटवता वाजवले. मी सहा आठवड्यांत जे करू शकले नाही ते एका कप चहात झालं, हे इथे नोंदवून ठेवते.

निरंक

ऑगस्टमध्ये दुसरा तुकडा घेतला, तीन मात्रांच्या बारचा. तिथे नवी भानगड निघाली आणि याही वेळी दोष माझाच.

माझ्या क्लासच्या भिंतीवर तक्ता आहे: होल रेस्ट चार मात्रा, हाफ रेस्ट दोन, क्वार्टर एक, एट्थ अर्धी. होल आणि हाफ दिसायला सारखेच, काळा आयत, फरक जागेचा. होल रेस्ट खालून चौथ्या रेघेला खालच्या बाजूने लटकतो, हाफ रेस्ट मधल्या रेघेवर बसतो. कोट खुंटीला, टोपी फळीवर, असं मी मुलांना सांगते. अण्णांना हे एका दिवसात पाठ. पण तीन मात्रांच्या तुकड्यात त्यांचा पूर्ण बार रिकामा होता, तिथे होल रेस्ट लटकत होता, आणि ते त्या बारनंतर हटकून एक मात्रा उशिरा यायचे.

"तक्त्यात चार लिवलंय. मी चार मोजतोय. तक्ता तुमीच लावलाय."

बरोबरच होतं. होल रेस्टचा दुसरा उपयोग मी सांगितलाच नव्हता: तो एकटा बारात लटकत असला की त्याचा अर्थ 'हा अख्खा बार रिकामा'. मग बार तीन मात्रांचा असेल तर तीन, दोनचा असेल तर दोन. मुलांना हे समजावताना माझी दमछाक होते. अण्णांनी एका शब्दात उरकलं. "निरंक." दिवसभर व्यवहार झाला नाही की पानावर निरंक लिहितात, मग पान फुलस्केप असो नाहीतर पाऊण. तक्त्यावर होल रेस्टसमोर मी त्याच दिवशी स्केच पेनने 'किंवा निरंक' असं लिहिलं. अजून आहे.

जाता जाता एक छोटी गोष्ट. तीन मात्रांच्या बारात दोन मात्रा गप्प असतील तर हाफ रेस्ट न लिहिता दोन क्वार्टर रेस्ट लिहायचा प्रघात आहे, म्हणजे प्रत्येक मात्रा डोळ्यांना वेगळी दिसते. नातीने विचारलं म्हणून सांगितलं, अण्णांना त्यात रस नव्हता.

त्याच तुकड्यात नातीला चार बार एकटीला होते. अण्णांच्या कागदावर तिथे जाड आडवी पट्टी आणि वर ४ हा आकडा. चार बार, प्रत्येकी तीन मात्रा, म्हणजे बारा मात्रा काही न करता बसायचं. वादक हे मोजताना प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेला बारचा नंबर म्हणतात: 'एक दोन तीन, दोन दोन तीन, तीन दोन तीन, चार दोन तीन.' अण्णांची दुसऱ्या बारातच गल्लत व्हायची, कारण नात छान वाजवायची आणि ते ऐकण्यात रमायचे. शेवटी बोटांची पेरं कामी आली. अंगठा करंगळीच्या पेरांवर फिरवायचा, बारला एक पेर. तीन पेरं संपून अंगठा पुढच्या बोटावर गेला की चौथा बार, आणि दुसरा हात पट्ट्यांवर यायला तयार. मात्रा बोटांवर मोजणं त्यांना आयुष्यभराचं ठाऊक होतं, मी फक्त मात्रेच्या जागी बार मोजायला लावला.

अजून न सुटलेलं

एट्थ रेस्ट मात्र शेवटपर्यंत नीट बसला नाही. दिसायला इंग्रजी सातच्या आकड्यासारखा, लांबी अर्धी मात्रा. मात्रेच्या शेवटी आला तर अण्णांना जमतो, सूर थोडा लवकर सोडायचा एवढंच. मात्रेच्या सुरुवातीला आला, म्हणजे ठोका पडतो तिथे गप्प आणि मधल्या अर्ध्यावर सूर, की बोट ठोक्यावरच पडतं. मी त्यांना बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीचा पहिला बार लिहून दाखवला. १८०८ साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजलेली, सगळ्या जगाला तोंडपाठ असलेली ती सुरुवात. तीन आखूड सूर आणि एक लांब. दोन मात्रांचा बार, आणि कागदावर सगळ्यांत आधी लिहिलंय काय, तर एट्थ रेस्ट. अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे तीन सूर म्हणजे दीड मात्रा, उरलेली अर्धी विरामाची. ठोका शांततेवर पडतो आणि तीन सूर त्याच्या मागून धावत पुढच्या बारच्या लांब सुरावर जातात.

अण्णांनी बेरीज केली, जुळली. मग बराच वेळ बघत राहिले. "म्हंजे समच रिकामी सोडलीया?"

"हो."

"सगळ्यात पयल्यांदा?"

"हो."

"धाडसाचं काम हाय." कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला. पुढच्या आठवड्यात तबलावाल्यांनाही दाखवल्याचं कळलं.

कोजागिरी

कोजागिरीला आमच्याच गच्चीवर कार्यक्रम होता. मसाला दूध, पंधरा-वीस पालक आणि अण्णांचं आख्खं भजनी मंडळ. पहिला तुकडा ऑर्गनच्या आवाजातच वाजवला. सा रे ग म दोघांमधून एका वाक्यासारखं आलं. दुसऱ्या तुकड्यात नातीच्या चार बारांच्या वेळी अण्णांचा अंगठा करंगळीवर फिरताना मला तिसऱ्या रांगेतून दिसत होता.

दुसऱ्या तुकड्याचा शेवटून दुसरा बार दोघांनाही निरंक आहे. मीच तसा लिहिला होता, शेवटच्या सुराआधी सगळं थांबावं म्हणून. दोघांनी हात उचलले आणि मंडळाने, संपलं असं समजून, टाळ्यांचा कडकडाट केला. नात गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. अण्णा हलले नाहीत. ओठांवर 'दोन, तीन' दिसलं, नातीच्या कोपराला हलकंच ढोसलं, आणि ऐन टाळ्यांत दोघांनी शेवटचा सा लावला. तो फारसा कुणाला ऐकूच आला नाही. खाली उतरताना बुवांनी विचारलं, "अण्णा, टाळ्या पडल्यावर परत का वाजवलं?" तर म्हणाले, "एक सूर बाकी होता."

नोव्हेंबरात तबलावाले भेटले. म्हणाले, अण्णा आता भजनात बुवांच्या श्वासाला कधी कधी पेटी सोडतात, आणि परवा बुवांनी मधेच थांबून विचारलं की भाता फाटलाय काय. मी अण्णांना सांगितलं, तिकडे भरा, इकडे सोडा. त्यांनी मान हलवली. एट्थ रेस्टवर आम्ही अजून दर गुरुवारी बसतो. ठोका पडतो, बोट पडतं, आणि नात शेजारून म्हणते, "आजोबा, सम रिकामी."